मार्च मोकळा

अल्गोट सांदीन एका जागी स्वस्थ बसलाय, असं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा तो शेवटच्या बाकाचं टोक धरून असे, आणि प्रवचन लांबलं की घोडे बघायच्या निमित्तानं बाहेर. घोडे आपले शांत उभे असत आणि हा आभाळाकडे बघत फेऱ्या मारी. त्याची बायको एलिन म्हणायची, "देवानं बसायलाही एक अवयव दिलाय, अल्गोट. एकदा वापरून तरी बघ." एलिन जाऊन आता चार वर्षं झाली होती. 'बस' म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे पायाची भिंगरी अधिकच जोरात फिरत होती. कॉफीसुद्धा तो खिडकीशी उभा राहून प्यायचा.

त्याला दोष तरी कसा द्यायचा? आमचा माळच असा आहे. नजर अडेल असं त्यावर काही नाही. जे यायचं ते दहा मैलांवरून दिसतं, मग माणूस बघतच राहतो. अल्गोट तर नऊ वर्षांचा असल्यापासून बघत होता. त्या वर्षी तो आईबापाबरोबर स्वीडनहून कॅनडातल्या सास्काचेवानच्या या माळावर आला, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचा बाप घरापासून चाळीस पावलांवरच्या गोठ्यात जायला निघाला तो बर्फाच्या वादळात वाट चुकला. तीन दिवसांनी कुंपणापाशी गोठलेला सापडला. तेव्हापासून ऑक्टोबरात रानहंसांचे थवे ओरडत दक्षिणेला निघाले की अल्गोट गोठ्याच्या शिडीवर चढून ते किती उंचावरून जातात ते बघे. तळ्यातल्या पाणउंदरांनी लव्हाळ्याची घरं किती जाड बांधलीत ते काठीनं टोचून बघे. खारीसारखे गोफर आपल्या बिळांत कधी शिरले, सशांची पाठ कधी पांढरी झाली, धुकं कोणत्या तारखेला पडलं, सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिपलेलं.

पण त्याचा खरा लौकिक पानथरीचा, म्हणजे डुकराच्या प्लीहेचा. नोव्हेंबरात घरचं डुक्कर कापलं की त्याची पानथरी ताटात लांब ठेवायची आणि मनातल्या मनात तिचे सहा भाग पाडायचे, नोव्हेंबर ते एप्रिल. जिथे ती पातळ आणि गुळगुळीत, तो महिना सौम्य. जिथे जाड, तिथे थंडी. जिथे गाठ, तिथे वादळ. ही विद्या त्याला आईनं दिली होती आणि त्यानं आपल्या मुलीला, सिग्नेला, ती दहा वर्षांची असताना शिकवली होती. वाचून झालं की पानथरी गोठ्याच्या दाराला खिळ्यानं ठोकायची, म्हणजे कुणालाही येऊन बघता येई. शाळेतले मास्तर या प्रकाराला अडाणीपणा म्हणायचे. नोव्हेंबर लागला की मास्तरांचाही फोन यायचा.

फोनचंही सांगायला हवं. आमच्या लाइनीवर अकरा घरं, सगळी एकाच तारेवर. प्रत्येक घराची घंटा वेगळी. अल्गोटची दोन लांब, एक आखूड. पण घंटा वाजे ती अकराही घरांत, आणि रिसीव्हर उचलले जात तेही अकराही घरांत. चोरून ऐकणं याला आमच्याकडे कुणी पाप म्हणत नसे. हिवाळ्यात दुसरी करमणूक काय होती? एलिननं तर फोन मुद्दाम भिंतीवर खाली लावून घेतला होता, स्टुलावर बसून निवांत ऐकता यावं म्हणून. अडचण एकच. जितके जास्त लोक ऐकत, तितका आवाज बारीक होत जाई. कोण ऐकतंय तेही कळे. टिल्डा बर्गक्विस्टच्या मागे तिचं भिंतीवरचं घड्याळ टकटके, म्हाताऱ्या न्युबर्गचा दमा सूं सूं करी, टूरे लिंडालचा कुत्रा भुंके.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा तिसरा हिवाळा होता. सिग्नेचा नवरा वर्नर उत्तरेला लाकूडतोडीच्या तळावर गेला होता, तो एप्रिलपर्यंत यायचा नव्हता. सिग्ने ऑक्टोबरात बापाकडे राहायला आली. पहिलटकरीण, एकोणतीस वर्षांची, मार्चच्या अखेरीस दिवस भरणार. आमच्याकडे मार्चातलं बाळंतपण असलं की बाई रस्ते बुजायच्या आत गावात जाऊन राहते. वर्नरची आत्या हुल्डा चौदा मैलांवर ऑल्मर गावात, दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायची. तिची दोन पत्रं येऊन गेली होती.

डुक्कर कापलं त्या दिवशी सिग्नेनं पानथरीचं ताट शेडमधून स्वयंपाकघरात आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"बघा, पपा, काय म्हणतेय ती," ती म्हणाली. "मार्च वाईट असला तर नाताळ झाला की आत्याकडे जाते. मोकळा असला तर इथेच राहते. वेळ आली की घोडे जोडू."

आणि ती शेगडीकडे वळून कॉफी बघू लागली.

अल्गोट वाकला. चार महिने ठीक होते, जानेवारी जरा जाड. पाचव्या भागाच्या शेवटाला मात्र गाठ होती, लसणीच्या पाकळीएवढी. शोधावी लागत नव्हती. इतकी स्पष्ट गाठ त्यानं पन्नास वर्षांत दोनदाच पाहिली होती.

मागे कप मांडल्याचा आवाज झाला. वेलदोडा घातलेला गोड पाव भट्टीतून निघाला होता, एलिन करायची तसाच. आणि अल्गोटच्या ध्यानात आलं की गेला महिनाभर आपण टेबलाशी बसून कॉफी पितोय. कुणी सांगितलं नव्हतं. बसायला लागलो होतो, एवढंच.

त्यानं अंगठा गाठीवर ठेवला.

"मार्च मोकळा," तो म्हणाला.

"नक्की?" सिग्नेनं पाठमोरं राहूनच विचारलं.

"ताटावर समोर दिसतंय."

त्या वर्षी पानथरी गोठ्याच्या दारावर लागली नाही. अल्गोटनं ती पायरीवरच्या मांजराला घातली. मांजरानं ती खाल्लीही, मग पुरावा राहिला कुठे? संध्याकाळी फोनवर त्यानं लाइनीला महिन्यावार सगळं सांगितलं.

"मार्च मोकळा?" टूरेनं विचारलं. टूरे तिशीचा, गाईगुरांचा माणूस. "मग यंदा गाई मार्चातच ओढ्याकडे सोडतो, काका. उघड्यावर व्यायल्या की वासरं निरोगी निघतात."

"तुझी मर्जी," अल्गोट म्हणाला.

"माझी कसली मर्जी? तुमचा शब्द!"

टूरेचा कुत्रा आनंदानं भुंकला. अल्गोटनं रिसीव्हर ठेवला आणि अंगठा पाटलोणीला पुसला.

खोटं बोलायला एक क्षण पुरतो. ते पोटात घेऊन हिवाळा काढायचा म्हणजे काय ते त्याला आता कळू लागलं. आधी त्यानं मनाची समजूत घातली, की डुकराच्या पोटातल्या एका गोळ्याला वादळाची बातमी कुठून असणार? मास्तरच बरोबर. पण पन्नास वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्यावरचा विश्वास सोयीपुरता काढून ठेवता येत नाही. मग तो दुसऱ्या खुणा धुंडाळू लागला, कुणीतरी आपल्या बाजूनं साक्ष द्यावी म्हणून. पाणउंदरांची घरं बघायला गेला तर ती छातीएवढी उंच. सशांच्या पायांवरचा केस तळव्याखाली आलेला. जिथे बघावं तिथे तेच.

डिसेंबरच्या वीस-एकवीसला धुकं पडलं. तीन दिवस माळावरची प्रत्येक काडी, कुंपणाची प्रत्येक तार गोठलेल्या पांढऱ्या दवानं फुलली. टिल्डा फोनवर म्हणाली, "काय सुंदर दिसतंय गं बाई!" अल्गोटनं कॅलेंडरचं पान उलटलं आणि पेन्सिलीच्या टोकानं दिवस मोजले. धुक्यानंतर नव्वद दिवसांनी आभाळ आपलं देणं आणून टाकतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नव्वदावा दिवस मार्चच्या विसाच्या आसपास येत होता.

"काय मोजताय, पपा?"

"रविवार."

"त्याला नव्वद दिवस मोजावे लागतात?"

तो कोट चढवून गोठ्यात गेला. त्या दिवसापासून कॉफी पुन्हा खिडकीशी उभ्यानंच सुरू झाली. म्हणजे ज्या सुखासाठी खोटं बोलला ते सुखही गेलं, आणि खोटं मात्र राहिलं.

जानेवारीत थंडी उणे चाळीसाच्याही खाली उतरली. हवेतल्या बर्फकणांनी सूर्याच्या दोन बाजूंना दोन खोटे सूर्य उभे केले. बर्फावर बर्फचिमण्यांचे थवे कागदाचे कपटे उधळावेत तसे उठत आणि बसत. खांबावर पांढरं घुबड येऊन बसे आणि सबंध दुपार हलत नसे. अल्गोटला त्याचा हेवा वाटे. रस्ता दोनदा बुजला, दोनदा उघडला. दर वेळी उघडला की तो ठरवे, आज सांगायचं.

"हुल्डाबाईंना एकटं वाटत असेल नाही?" तो म्हणे.

"आत्याकडे सात मांजरं आहेत," सिग्ने विणकामावरून मान वर न करता म्हणे.

"गावात दवाखाना कसा हाताशी."

"मार्च मोकळा आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

आणि तो बाहेर जाई. गोठ्याभोवती त्याच्या बुटांची इतकी रुळलेली पायवाट झाली होती की न्युबर्ग म्हातारा म्हणाला, "अल्गोट, रेल्वे टाकतोयस का?"

मार्च आला तो लोण्यासारखा मऊ. वळचणीला पाणी ठिबकू लागलं. रस्त्याच्या कडेला बर्फ हटला तिथे शिंगाळे चंडोल दाणे टिपू लागले. बारा तारखेला पहिला कावळा आला, आणि आमच्याकडे कावळा आला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, दक्षिणेहून पाहुणा परतलाय म्हणून. चौदाला गोफर बिळांतून निघून मागच्या पायांवर उभे राहिले. लाइनीवर नुसती जत्रा होती. "अल्गोट, मानलं तुला!" "पानथरीनं लाज राखली!" टूरेनं सांगून टाकलं, "काका, गाई सोडल्या. एकोणतीस. आठ मैलांवर ओढ्याला. काल दोन व्यायल्यासुद्धा."

अल्गोटनं अभिनंदनं घेतली आणि तो गोठ्याभोवती फेऱ्या मारत राहिला. सिग्ने आता चालताना कंबरेला हात लावून चाले. तिच्याकडे बघितलं की त्याला बापाचं ते कुंपण आठवे.

अठरा तारखेला सकाळी तो दूध काढून बाहेर आला. आभाळ निळंशार, वारा नावाला नाही. पण काल जिथे पंधरा-वीस गोफर उभे असत तिथे एकही नव्हता. त्यानं जाऊन बघितलं. बिळांची तोंडं आतून ताज्या मातीनं बुजवलेली होती. अंगणात चंडोलांचा मोठा थवा माणसाला न घाबरता अधाशासारखा टिपत होता. प्रिन्स आणि स्विया, त्याचे दोन्ही घोडे, उत्तरेकडे शेपट्या करून उभे होते. अल्गोट तिथे किती वेळ उभा राहिला त्यालाच ठाऊक. मग दुधाची बादली तशीच पायरीवर ठेवून तो आत गेला.

"सिग्ने, सामान बांध. बर्फावरची साय अजून कडक आहे, बर्फगाडी चालेल. आत्ता निघायचं."

तिनं लगेच पेटी ओढली. त्यानं फोनची मूठ धरली आणि ती फिरवतच राहिला. एकच लांब, न थांबणारी घंटा. आग लागली किंवा कुणी मेलं तरच ती वाजवायची.

"कुणाचं घर पेटलं?" न्युबर्गचा आवाज आला.

"कुणाचं नाही. मी अल्गोट. ऐका सगळे."

"ऐकतोच आहोत. मोठ्यानं बोल, आवाज मुंगीएवढा येतोय," टिल्डा म्हणाली.

"मार्च मोकळा नाही. पानथरीवर पाचव्या भागात गाठ होती. मला दिसली होती. मी तिच्यावर अंगठा ठेवला आणि तुम्हाला खोटं सांगितलं. दोन-तीन दिवसांत वादळ येणार. कडबा घराजवळ आणा, घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधा."

टिल्डाचं घड्याळ आणि न्युबर्गचा दमा, एवढंच ऐकू येत होतं.

"पण का रे?" शेवटी टिल्डानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि ते रागापेक्षा जास्त लागलं.

"पोरगी घरी राहावी म्हणून."

मागे सिग्ने पेटी बंद करत होती. तिचे हात थांबले.

"काका," टूरेचा आवाज आला, "माझ्या गाई ओढ्याला आहेत. अर्ध्या व्यालेल्या. बाहेर लख्ख ऊन पडलंय!"

"आज जा, टूरे. आत्ता जा."

"कुठल्या शब्दावर जाऊ? नोव्हेंबरातल्या की आजच्या?"

टूरेनं रिसीव्हर आपटला तो अकरा घरांत ऐकू गेला.

बर्फाच्या कडक पापुद्र्यावरून गाडी छान घसरत होती. सिग्ने कांबळ्यात गुरफटून बसली होती आणि अल्गोट उभा राहून लगाम धरून होता. पाच मैल मागे पडले. मग वरून ओरडणं ऐकू आलं. रानहंसांची पहिली रांग, चार दिवसांपूर्वीच दक्षिणेहून आलेली, पुन्हा दक्षिणेकडे निघाली होती. खालून, घाईघाईनं.

"आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, विसरलेली पिशवी आणायला निघाले," सिग्ने म्हणाली.

अल्गोट हसला नाही. "सिग्ने, मी..."

"पपा, शेडमधून घरात ताट कुणी आणलं होतं?"

त्यानं वळून बघितलं.

"दारातच पाहिली मी ती गाठ. तुम्हीच तर शिकवलंत. म्हटलं, आता पपा सांगतील, आणि मला जावं लागेल. शेगडीकडे तोंड केलं ते रडू आलं होतं म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, मोकळा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला आईच्या स्वयंपाकघरात राहायचं होतं. हुल्डाआत्याकडे तीन महिने? ती झाकण पडलं तरी प्रार्थना म्हणते. म्हटलं, खोटं पपा बोलतायत, मी कुठे बोलतेय?"

"चार महिने मला झोप नाही, पोरी."

"माहितीये. तुमच्या फेऱ्या ऐकत मीही जागीच असायचे. वाटायचं, तुम्ही सांगाल. तुम्ही सांगितलं असतंत तर मीही..." तिनं पुढचं सोडून दिलं.

अल्गोटच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. त्यानं ते हातमोज्यानं मोडून काढलं. चार महिने दोघं एकमेकांना राखत, एकमेकांना छळत एका छपराखाली राहिली होती. त्याला हसूही येत होतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

"आणि टूरेच्या गाई?" काही वेळानं सिग्नेनं विचारलं.

अल्गोटनं लगाम झटकला. गाव दिसेपर्यंत फक्त घुंगरं वाजत राहिली.

तिला हुल्डाबाईंच्या स्वाधीन करून दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा गाईंचं दूध काढलेलं होतं आणि बादली फडकं बांधून पायरीवर ठेवली होती. फडकं टिल्डाच्या घरचं होतं. तिनं फोन मात्र केला नाही.

एकोणीस तारीखही निळी गेली. लाइनीवर टोमणे सुरू झाले, आणि ते त्याला ऐकू यावेत म्हणूनच बोलले जात होते. "वादळ ऑल्मरच्या हॉटेलात उतरलंय म्हणे." "त्याला पानथरी खायला घाला, म्हणजे लवकर येईल." टूरेनं गाई आणल्या की नाही, कुणी सांगेना, आणि विचारायचं तोंड त्याला नव्हतं. तो दोर बांधून आला, तपासून आला, पुन्हा तपासून आला. आणि मग त्याला जाणवलं की आपण वादळ यावं म्हणून वाट बघतोय. आलं तर गुरं मरतील, कदाचित माणूसही मरेल. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, ये बाबा एकदाचं, म्हणजे निदान एकदा तरी खरं बोललो असं होईल. या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो आभाळाकडे बघायचाच थांबला.

वीस तारखेला दुपारी वायव्येला क्षितिजावर एक काळी रेघ दिसली. तासाभरात ती भिंत झाली. बारा वाजता वळचणीला पाणी ठिबकत होतं, तीनला तेच पाणी सुळे होऊन लोंबत होतं. वारा आला तो आडवा, बर्फ घेऊनच आला, आणि गोठा नाहीसा झाला.

फोन वाजला. दोन लांब, एक आखूड.

"आणल्या," टूरे म्हणाला. त्याचा आवाज थंडीनं फाटलेला होता. "काल दिवसभर तुम्हाला शिव्या घालत हाकल्या. म्हणजे गाईंना. सत्तावीस. दोन सापडल्या नाहीत."

"टूरे..."

"थांबा. ओढ्यावर राहिल्या असत्या तर एक वाचली नसती. आणि नोव्हेंबरात खरं बोलला असतात तर एक गेली नसती. मी दोन्ही लक्षात ठेवणार आहे, काका." आणि त्यानं फोन ठेवला.

रात्रभर घर खडखडत होतं. सकाळी अल्गोट दोर धरून गोठ्यात गेला आणि दोर धरून परत आला. चाळीस पावलं. बापाकडे दोर नव्हता. मग तो स्वयंपाकघरात टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत चालत राहिला. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं पांढरं.

दहाच्या सुमारास घंटा वाजली. दोन लांब, एक आखूड. त्यानं झडप घातली. टक, टक, टक. सगळ्या लाइनीनं उचलले.

"ऑल्मरहून फोन," टेलिफोन केंद्रातली मॉड म्हणाली. "दवाखान्यातून."

मग हुल्डाबाई. त्यांचा आवाज बर्फाच्या ढिगाखालून यावा तसा. "अल्गोट... काल दुपारी... गी..."

"काय? मुलगी?"

"...गी... सिग्ने..."

"सिग्ने काय? सिग्ने कशी आहे?"

उत्तर आलं, पण ते नुसतं खरखरणं होतं. तो वाकून, कान दाबून ओरडला, "सिग्ने कशी आहे? काही ऐकू येत नाहीये!"

आणि तेव्हा टिल्डा बर्गक्विस्ट बोलली. वीस वर्षांत तिनं कुणाचाही फोन संपायच्या आत रिसीव्हर ठेवलेला नव्हता, अगदी लग्नं मोडतानाचे फोनसुद्धा तिनं शेवटपर्यंत ऐकले होते.

"ठेवा रे सगळ्यांनी," ती म्हणाली. "त्याला ऐकू येत नाहीये. त्याचं आहे ते. ठेवा खाली." आणि तिचं घड्याळ थांबलं.

टक. कुणीतरी ठेवला. टक. न्युबर्गचा दमा गेला. टक, टक. अल्गोट मोजत होता. प्रत्येक आवाजागणिक तार जरा मोकळी होत होती. सात. आठ. नऊ.

एक उरला होता. त्याच्या मागे कुत्रा हळूच कुंईकुंई करत होता. मागायचा हक्क आपल्याला नाही, हे अल्गोटला ठाऊक होतं.

टक.

"...अरे ठीक आहे म्हणून किती वेळा सांगू!" हुल्डाबाईंचा आवाज इतका मोठा आला की त्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. "खाटेवर बसून पाव खातेय तुझी लेक! आणि ही बघ, ही तुझी नात, परिचारिकेनं आणलीय इथे. ऐक."

आणि ती रडली. शेजारच्या खोलीत असावी इतकी जवळून, रागानं, सबंध दम लावून.

"बोल की काहीतरी तिच्याशी," हुल्डाबाई म्हणाल्या.

अल्गोटनं पायानं एलिनचं स्टूल ओढलं आणि तो बसला. बाहेर वारा घराला धक्के देत होता. त्यानं खिडकीकडे एकदा बघितलं, वाऱ्याचा आवाज नीट ऐकला, आणि तोंड फोनजवळ नेलं.

"उद्या दुपारपर्यंत वारा पडेल, बाळा," तो म्हणाला. "हे मी खरं सांगतोय."